निवटी, नंबर सात

भाईंदरच्या खाडीला ओहोटी लागली की चिखलाचा वास आमच्या खोलीत यायचा आणि आई खिडकी लावून घ्यायची. मला तो वास आवडायचा, पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. आईच्या मते समुद्राचा वास वेगळा आणि खाडीचा वेगळा, आणि हा दुसरा सोसायला आपण कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. वडील, म्हणजे आमचे अण्णा, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांवरसुद्धा करडी धूळ बसलेली असे. राहायला आम्ही कोळीवाड्यात, चांगुणामावशींच्या घराला लागून काढलेल्या एका खोलीत. मधली भिंत छपरापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या कालवणाचा वास आमच्याकडे आणि अण्णांचं भजन त्यांच्याकडे, अशी देवाणघेवाण न मागता चालू असायची.

चांगुणामावशी आमच्या घरमालकीण. त्यांचा नवरा होडीवर, त्यामुळे घर त्यांच्या आवाजावर चालायचं, आणि आवाज असा की अंगणात बोलल्या तर खाडीपलीकडच्या माणसाने ओ द्यावी. त्यांच्या अंगणात दुपारी सुकत घातलेला जवळा असायचा, कडेला जाळं, आणि पाटीत कधीकधी जिवंत निवट्या. निवटी म्हणजे चिखलात राहणारा बोटभर मासा, डोळे डोक्यावर, आणि चालण्याची तऱ्हा अशी की आत्ता इथे दिसला तर पुढच्या क्षणी वीतभर पलीकडे. मावशी त्या राखेत घोळून, त्यांचा बुळबुळीतपणा काढून, चिंचेच्या आंबट तिखट रश्शात टाकायच्या. आई नाक मुरडायची. पण भिंतीवरून वाटी आली की ती भरलेली परत कधी गेली नाही, आणि वाटी चाटूनपुसून स्वच्छ होते हे मावशींच्या लक्षात आलेलं असणार, कारण पुढेपुढे ती वाटी मोठी होत गेली. भिंतीवरून वाटी घेताना आई म्हणायची, पोरीला आवडतं म्हणून घेते. पोरीच्या नावावर आईने त्या वर्षांत किती निवट्या खाल्ल्या ते मला विचारा.

त्याच घराच्या मागच्या खोलीत मावशींचे दीर राहायचे, हिराजीकाका. लग्न केलेलं नव्हतं. कोळीवाड्यातल्या बँडात ते सॅक्सोफोन वाजवायचे, लग्नसराईत लाल कोट आणि सोनेरी काठाची टोपी घालून, आणि बाकीचे दिवस लुंगीवर. बँडवाले सगळे लाल कोटात सारखेच दिसतात असं लोक म्हणतात. हिराजीकाका नाही दिसायचे. बाकीचे वाजवताना वरातीकडे बघत, हे डोळे मिटून घेत. मावशी म्हणायच्या की हा झोपेत वाजवतो आणि जागेपणी झोपतो. काकांना त्याचा राग यायचा नाही. मला वाटतं, त्यांना ते बरोबरच वाटत असावं.

ती चाल मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ते गाणं आहे हेच कळलं नव्हतं. सकाळची शाळा नव्हती, ओहोटी होती, आणि मी मिठागराच्या बांधावर उगाच भटकत होते. तिवरांच्या कडेला काका उभे, पाय घोट्यापर्यंत चिखलात, आणि सॅक्सोफोनमधून असे काही सूर निघत होते की एकाला कान लावावा तोवर पुढचे चार निघून गेलेले. वर जायचे, मध्येच मागे उडी, गप्प, आणि भलत्याच ठिकाणी पुन्हा वर. समोर चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. ऊन कोवळं होतं, मिठाचे ढीग पांढरे, आणि मी तिथे उभी राहून दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे. इतक्या वर्षांनी त्या सकाळचं काहीही आठवायला मला डोळे मिटावे लागत नाहीत. त्या बांधाच्या जागी आता इमारती आहेत, त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर पोहण्याचा तलाव आहे, आणि त्याच्या काठावर पाटी आहे की घसरण्याची शक्यता आहे. खरं आहे ते. तिथे पूर्वीही घसरायला व्हायचं.

त्या चालीचं नावच 'निवटी' होतं. हे काकांनी मला पुढे सांगितलं, एकदम नाही, तुकड्यातुकड्याने, जाळं विणता विणता. तरुणपणी कुठल्याशा लग्नात त्यांचं वाजवणं गोव्याच्या एका मास्तरांनी ऐकलं आणि त्यांना मुंबईला, एका मोठ्या हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात नेलं. तिथे मास्तरांनी त्यांना रेघांवर ठिपके काढून सूर लिहायला शिकवलं, गळ्यात बो बांधायला शिकवलं, आणि अमेरिकेहून आलेल्या तबकड्या ऐकवल्या. त्यात जॅझची एक जात होती, धावती आणि अवघड, तिला बीबॉप म्हणत. काकांच्या तोंडी ते 'बीबाप' व्हायचं, आणि आईची बराच काळ अशी समजूत होती की हे कुणाच्या तरी वडिलांचं नाव आहे. अण्णांनी एकदा त्या चालीचा एक तुकडा भिंतीपलीकडून नीट ऐकला आणि पेटी बंद करून म्हणाले, आपल्या भजनात माणूस पायऱ्या चढतो, ह्यात पायऱ्याच जागा बदलतात.

हॉटेलात काकांनी ही एकच चाल रचली. गावच्या चिखलाची आठवण यायची म्हणून रचली, असं ते म्हणाले. मास्तरांना ती फार आवडली, आणि त्यांनी ती वाजवायला नकार दिला. इथे लोक जेवून नाचायला येतात, हिराजी, ह्यावर पाय कुठे टाकायचा, असं त्यांनी विचारलं. काकांचं उत्तर त्यांना स्वतःलाच इतकं आवडलेलं होतं की मला ते निदान दहादा ऐकावं लागलं. "निवटीवर कुनाचा पाय पडतो काय, बाय?" एका दुपारी, रिकाम्या खुर्च्यांसमोर, ऑर्केस्ट्राने ती एकदा वाजवली, तीही अर्धीच. मग हॉटेलने ऑर्केस्ट्रा बंद करून तबकड्या वाजवणारं यंत्र आणलं आणि काका सॅक्सोफोनची पेटी आणि एक कागद घेऊन भाईंदरला परत आले. चाल पुरी अशी कुणीच कधी ऐकली नव्हती, बांधावरच्या माझ्याशिवाय. आणि काकांनी तर नाहीच, कारण वाजवणाऱ्याला आपलं वाजवणं समोर बसून ऐकता येत नाही. ते त्यांना एकदा ऐकायचं होतं. माणसाच्या मागण्या इतक्या साध्या असू शकतात हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग त्यांचे दात गेले. हिरड्या सुजल्या, पुढचे दात हलायला लागले, आणि डॉक्टरने सगळेच काढून कवळी दिली. सॅक्सोफोनचं तोंड वरच्या दातांवर टेकवून धरावं लागतं. कवळी त्याच्या थरथरीने सुटून यायची आणि वारा दोन्ही गालांतून निघून जायचा. महिनाभर त्यांनी मागच्या खोलीत प्रयत्न केला. त्या महिन्यात अण्णांनी भजन मुद्दाम मोठ्याने म्हटलं, म्हणजे काकांना वाटावं की आम्हाला ऐकू येत नाही. एक दिवस काकांनी सॅक्सोफोन पुतण्याच्या, वसंताच्या गळ्यात अडकवला आणि स्वतः जाळं घेऊन बसले. वसंता म्हणजे मावशींचा थोरला, बँडातच होता, बोटं विजेसारखी, पण रेघांवरचे ठिपके त्याला वाचता येत नव्हते. त्याला सरगम लागायची. आणि आख्ख्या आळीत सरगम लिहिणारी एकच होती, ती मी.

ह्यात माझा मोठेपणा काही नव्हता. मशीनवर काम करून अण्णांचा हात थरथरायचा, त्यामुळे त्यांच्या भजनी मंडळाच्या वह्या मी लिहायची. सा रे ग म, कोमल सुराखाली आडवी रेघ, लांबवायचा तिथे अवग्रह. अक्षर वळणदार होतं आणि त्याचा मला माजही होता. काकांनी मला बोलावलं आणि आठवडाभर दुपारी शाळा सुटली की आम्ही बसलो. ते एकेक तुकडा बोळक्या तोंडाने गायचे, पायाने ताल धरायचे, मी लिहायची. मध्ये थांबायचं असेल तिथे ते नाकाने बारीक 'हं' करायचे आणि मी तिथे फुली मारायची. चूक झाली की ते पुसायला लावायचे, आणि खोडरबर झिजून वाटाण्याएवढं झालं. मावशी येताजाता म्हणायच्या, "काय लिवतंस गो एवढा? तो न्हाय कवा सरलंच बोलला." पण जाताना चहा ठेवून जायच्या.

शेवटी सगळं लिहून झालं आणि वहीत वर नाव घालायचं राहिलं. काकांनी आपला जुना कागद माझ्याकडे दिला आणि ते निवांत विडी ओढायला बाहेर गेले. कागदावर ठिपक्यांच्या रांगा होत्या, मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पहिल्या ओळीच्या अगदी सुरुवातीला, एका वेटोळ्या खुणेनंतर, स्पष्ट इंग्रजी सात काढलेला होता. आता आमच्या बँडाची एक रीत सांगायला हवी. बँडात गाण्याला नावाने कुणी हाक मारत नसे. प्रत्येक गाण्याला वहीत नंबर असायचा, पुढचा माणूस नुसतं 'बारा' ओरडायचा आणि सगळे बारा नंबर धरायचे. तेव्हा मला शंका घ्यायचं कारणच नव्हतं. मी माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात, लाल शाईने, मराठीत लिहिलं: 'निवटी, नं. ७'. खाली दुहेरी रेघसुद्धा मारली.

वसंता दीड महिना घासत होता. चांगुणामावशींच्या मंदाचं लग्न ठरलेलं होतं, शेजारच्या मुर्धा गावचा नवरदेव, आणि मांडवात सकाळी वरात आली की 'निवटी' वाजवायची असं काकांना न सांगता ठरलं. म्हणजे आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं. त्या सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मांडवाच्या पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले, हॉटेलात गिऱ्हाईक बसत असेल तसे. मी त्यांच्या शेजारी उभी. भीती कमी आणि अभिमान जास्त. पुढून कुणीतरी ओरडलं, "सात!"

वसंताने धडाक्यात सुरुवात केली. एकही सूर चुकला नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. ढोलवाल्याने अर्धी ओळ कान देऊन ऐकली, मान हलवली आणि आपला नेहमीचा ठेका धरला. आणि तो बसला, अगदी पाटावर बसावा तसा बसला. मुर्ध्याच्या बायका सर्वांत आधी नाचायला लागल्या, मग आमच्या, मग नवरदेवाचे मामा. मावशी डोक्यावर कलश घेऊन नाचल्या. मी काकांकडे बघितलं. ताल धरायला त्यांनी पाय उचलला होता आणि तो वरच राहिला होता. मग तो खाली आला, पण दोन सुरांच्या मध्ये आला, पुन्हा उचलला, पुन्हा मध्ये. सबंध एक आवर्तन तो पाय आपली जागा शोधत होता. मग त्यांनी तो जमिनीवर ठेवला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. चेहरा रागावलेला नव्हता. स्वतःच्याच घराचं कुलूप उघडत नसावं, तसा होता.

जेवणं झाल्यावर त्यांनी मला वही आणायला सांगितलं. लाल शाईचं माझं अक्षर त्यांनी बराच वेळ बघितलं. मग मान वर न करता विचारलं, "मंग पयल्या सहा कुठं हायेत?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, तुमच्याच कागदावर सात होतं. ते हसायला लागले. कवळी खिशात होती, त्यामुळे नुसती हवा हसली. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कोणत्या जातीचं पाणी होतं ते मी विचारलं नाही. मग त्यांनी माझं बोट धरून त्या इंग्रजी सातावर ठेवलं. "ह्यो आकडा न्हाय, बाय. ही गप ऱ्हायाची खूण हाय. ताल चालू झाला, तरी आपण गप. अर्धा घास. आन मंग उडी."

बाकीच्या सगळ्या गप्प जागा त्यांनी नाकाने 'हं' करून मला सांगितल्या होत्या. पहिली तेवढी पायाने सांगितली, पाय आपटला आणि मग गायला लागले, आणि मी पाय कशाला लिहीन? भजन सुरू होण्याआधीची शांतता वहीत कोण लिहितं? मी पहिल्या सुरापासून लिहिलं. त्या अर्ध्या मात्रेने आख्खी चाल पुढे सरकली. काकांनी जिथे पाय पडू नये म्हणून मेहनतीने जागा हलवली होती, तिथे मी फरशी बसवून दिली, आणि सगळं मुर्धा गाव त्यावर नाचलं. मी त्या दिवशी मागच्या खोलीत मनसोक्त रडले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी वसंताच्या मागे लागले. त्याने प्रयत्न केला, अगदी प्रामाणिकपणे. थांबून सुरुवात करायचा, पण ढोल वाजायला लागला की दुसऱ्या ओळीत त्याची बोटं पुन्हा माझ्या चुकीवर येऊन बसायची. शिवाय तोवर गोष्ट हातची गेली होती. मुर्ध्याच्या बँडाने ती उचलली, त्यांच्याकडून राई गावच्या, मग खाडीपलीकडच्या. लोक 'सात नंबर' मागायला लागले. कुणी रचली हे कुणाला ठाऊक नव्हतं. काका अंगणात जाळं विणत बसायचे, लांबून वरातीत सात नंबर ऐकू यायचा, आणि ते मला म्हणायचे की चांगली वाजवतात पोरं.

अजूनही वाजते ती. परवा नया नगरकडून एक वरात चालली होती, आणि चौदाव्या मजल्यावर दोरीवरचे कपडे काढताना मला खालून ऐकू आली. आता सॅक्सोफोन नसतो, गाडीवर ठेवलेला की-बोर्ड असतो आणि भिंती हादरवणारे कर्णे. नवरदेव कोण, बँडवाले कुठचे, देव जाणे. पण माझी चूक तेवढी जशीच्या तशी होती, अर्धी मात्रा पुढे. नातीने विचारलं, आजी, हसतेस काय? मी तिला म्हटलं, माझं गाणं लागलंय. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने आम्ही आमच्या आजीकडे बघत होतो. आयुष्यभर शाळेच्या कचेरीत कारकुनी केली, हजारो दाखले लिहिले, त्यातलं एक अक्षर कुणाच्या लक्षात नसेल. आणि जे चुकवलं ते साऱ्या किनाऱ्याला पाठ आहे. ह्याची लाज वाटते आणि, खोटं कशाला बोलू, थोडा तोराही वाटतो.

पण राहिलेलं सांगते. मंदाच्या लग्नानंतर दोन उन्हाळे गेले आणि काकांच्या छातीत कफ धरला. डॉक्टर म्हणाले, जास्त बोलू देऊ नका. त्या दोन वर्षांत मी एक काम केलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. बांधावर जाऊन, तिवरांकडे तोंड करून, ती चाल सरगमीने म्हणायला शिकले होते. वाद्य नव्हतं, गळा बेताचा, आणि सूर असे की जीभ अडखळून पडावी. सर्वांत अवघड होतं ते सुरुवातीला गप्प राहणं. ताल चालू झाल्यावर माणसाला राहवतच नाही. मी टाळी द्यायची आणि तोंड उघडलेलं असायचं. कितीतरी महिने ती अर्धी मात्रा मला थांबता येत नव्हती.

एका दुपारी मी मागच्या खोलीत गेले. मावशी उशाशी पुठ्ठ्याने वारा घालत बसल्या होत्या. काका भिंतीला टेकून, डोळे मिटून, श्वास मोजल्यासारखे घेत होते. मी म्हटलं, काका, निवटी म्हणते. मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि पुठ्ठा खाली ठेवला. मी टाळी दिली, थांबले, आणि उडी घेतली. वर, मागे, गप्प, पुन्हा वर. दोनदा जीभ अडकली, एकदा श्वास पुरला नाही, पण शेवटपर्यंत गेले. खोलीत कुणी हललं नाही. ही अशी चाल होती की तिच्यावर कुणाला पाय टाकता येत नव्हता, आणि मावशी, ज्या कशावरही नाचायच्या, त्या नुसत्या बघत राहिल्या होत्या.

काकांनी डोळे उघडले. मला वाटलं आता शाबासकी मिळेल. ते म्हणाले, "दुसऱ्या ओळीत घाई केलीस. परत म्हण."

मी परत म्हटलं. त्यांनी एक कोमल ध चुकल्याचं दाखवलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा बोटाने खूण करून शेवटचा सूर आखूड करायला लावला. मावशी म्हणाल्या, पुरे आता, तो दमंल, पण काकांनी मानेनेच नाही म्हटलं आणि मी चौथ्यांदा सुरुवात केली. ते जागे होते, डोळे उघडे होते, माझ्याकडेच बघत होते. चाल संपली आणि ते काहीच बोलले नाहीत. चूक सापडली असती तर सोडणारा तो माणूस नव्हता.